काटोलच्या बागेची लिंक कुठे टाकायची?

विदर्भातल्या काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यातल्या संत्रा बागायतदारांची मुलं आता स्वतःचं संकेतस्थळ काढू लागली आहेत. उभी बाग व्यापाऱ्याला देऊन टाकण्यापेक्षा किंवा नागपूरच्या कळमना बाजारातल्या त्या दिवशीच्या भावावर हवाला ठेवण्यापेक्षा पुण्या-मुंबईच्या घरी थेट पेटी पाठवावी, हा विचार रास्त आहे. संकेतस्थळ उभं राहतं, बागेचे फोटो चढतात, नात्यागोत्यात लिंक फिरते. आठवडाभर लोक येऊन ‘छान छान’ म्हणतात आणि मग कोणी फिरकत नाही. गूगलवर ‘नागपुरी संत्रा ऑनलाइन’ शोधलं तर वरती मोठ्या कंपन्या आणि जाहिराती, तुमची बाग कुठेतरी पार खाली.

यावर बिनपैशाचा, पण चिकाटीचा एक मार्ग आहे. गूगलकडे माणूस प्रश्न घेऊन जातो. पिंटरेस्ट, रेडिट, फ्लिपबोर्ड, कोरा आणि मोबाइलवर क्रोम उघडल्यावर खाली दिसणारं गूगल डिस्कव्हर इथे मात्र तो बहुतेक वेळा नुसता चाळायला येतो. आवडीच्या विषयातलं काही नवं दिसलं की त्याचं बोट थांबतं. ते बोट तुमच्या पानावर थांबावं, यासाठीची ही कृती. उदाहरण संत्र्याचं घेतलं आहे. तुमचं संकेतस्थळ करवती काठाच्या टसर साड्यांचं असो, ताडोबा-पेंचच्या सहलींचं असो की सावजी मसाल्याचं, पायऱ्या याच.

आधी एक पान लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘आमच्या बागेत आपलं स्वागत आहे’ असं म्हणणारं मुखपृष्ठ कोणी कोणाला पाठवत नाही. लोक पाठवतात ते एखाद्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर. तेव्हा मुखपृष्ठाची लिंक कुठेही टाकायची नाही, हे आधी ठरवून टाका. तुम्हाला जे रोजचं म्हणून माहीत आहे आणि शहरातल्या माणसाला अजिबात माहीत नाही, असं काय आहे, ते शोधा.

संत्र्याच्या बाबतीत असा प्रश्न समोरच पडलेला आहे: हातगाडीवर ‘नागपुरी’ म्हणून जे विकतात ते नागपुरी असतं का? आपल्याकडे दोन बहार. आंबिया बहाराचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत येतो आणि फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतं. मृगाचा फुलोरा जून-जुलैत, आणि फळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. मधल्या काळात, म्हणजे ऐन थंडीत, पंजाब-राजस्थानकडचा किन्नो बाजारात उतरतो. किन्नो हा कॅलिफोर्नियात तयार झालेला संकर. त्याचा रंग गडद, साल घट्ट आणि तुळतुळीत, बिया भरपूर. नागपुरी संत्र्याची साल सैल, थोडी फुगीर असते. देठाजवळ अंगठा घातला की ती सुटून येते आणि फोडी मोकळ्या होतात. हा फरक आपल्याकडच्या शाळकरी पोराला ठाऊक आहे, ठाण्यातल्या गृहिणीला तो कोणी सांगितलेला नाही.

तर पान तयार करायचं: ‘किन्नो की नागपुरी? पाच खुणा’. दोन्ही फळं एकाच पाटावर, एकाच उजेडात ठेवून फोटो काढा. एक फोटो अख्ख्या फळांचा, एक साल अर्धी सोललेली असतानाचा, एक आडवं कापल्यावरचा, म्हणजे बिया दिसतील. फोटो सकाळच्या उन्हात, सावलीच्या कडेला काढा. ट्यूबलाइटखाली केशरी रंग मरतो. मजकूर पाचशे-सहाशे शब्दांचा पुरे. विक्रीची ओळ एकच, आणि तीही शेवटी.

अशी आणखी दोन-तीन पानं सहज निघतील. ‘हिरवट संत्रा गोड असतो का?’ हे एक. सालीला केशरी रंग चढायला रात्रीचा गारवा लागतो; ऑक्टोबरात रात्री उबदार असल्या तर आंबियाचं फळ आतून तयार असूनही वरून हिरवट दिसतं आणि गिऱ्हाईक ते कच्चं समजून परत करतं. घरी संत्रा बर्फी कशी करावी, हे दुसरं. पेटी आल्यावर फळं कशी ठेवावीत म्हणजे टिकतील, हे तिसरं. यातलं प्रत्येक पान स्वतंत्रपणे फिरू शकतं. पण सुरुवात एकाच पानापासून करा आणि ते पूर्ण चांगलं करा.

एक सावधगिरी. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं आहे. ही माहिती पानावर जरूर द्या. पण पेटीवर जीआयचं चिन्ह लावायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी आधी करून घ्यावी लागते. ती नसताना तसा दावा करू नका. रेडिट-कोरासारख्या जागांवर असे दावे तपासणारे वाचक असतात आणि ते चारचौघांत विचारतात.

पान प्रवासाला तयार करा

लिंक कुठेही टाकली की तिच्याखाली एक चौकट उघडते: फोटो, मथळा, एखादी ओळ. वाचक आत यायचं की नाही, हे त्या चौकटीवर ठरवतो. ती आपोआप बरी दिसेल, या भरवशावर राहू नका. वर्डप्रेस वापरत असाल तर योस्ट किंवा रँक मॅथसारख्या प्लगिनमध्ये सोशल मीडियासाठीचा फोटो आणि मथळा वेगळा देता येतो. फोटो १२०० बाय ६३० पिक्सेलचा ठेवा आणि वजनाला हलका, शक्यतो तीनशे केबीच्या आत. जड फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीत बऱ्याचदा दिसतच नाही. फोटो बदलूनही फेसबुकवर जुनाच दिसत असेल तर त्यांच्या शेअरिंग डिबगरमध्ये लिंक टाकून पुन्हा वाचायला लावा.

मराठी मजकुराची एक खास अडचण आहे. छापखान्यातून किंवा डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर अजूनही कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो तसाच चिकटवला की संकेतस्थळावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मग काही जण त्या मजकुराचं चित्र करून लावतात, ते तर आणखी वाईट. चित्रातली अक्षरं शोधयंत्राला नीट वाचता येत नाहीत, आणि दृष्टिहीन वाचकाच्या मोबाइलला ती वाचून दाखवता येत नाहीत. सगळा मजकूर युनिकोडमध्येच हवा. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, फक्त नंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा.

वेग हा तिसरा भाग. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर पान तपासा. पानावरचा मोठा मजकूर किंवा फोटो अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही गूगलची अपेक्षा. चाळणारा माणूस त्याहून अधीर असतो. कॅमेऱ्यातला पाच एमबीचा फोटो थेट चढवणं हे मंदपणाचं नेहमीचं कारण. वेबपी स्वरूपात लहान करून चढवा आणि एखादं कॅशिंग प्लगिन लावा. एखाद्या संध्याकाळी अचानक हजारभर माणसं आली तर स्वस्तातलं होस्टिंग नेमकं तेव्हाच बसतं.

गूगल डिस्कव्हरसाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. पानावरचा मुख्य फोटो किमान १२०० पिक्सेल रुंद हवा आणि मोठा फोटो दाखवायची परवानगी पानाच्या कोडमध्ये हवी. वर सांगितलेली प्लगिनं ती देतात. डिस्कव्हरमध्ये पान पुरेसं दिसू लागलं की गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये त्याचा वेगळा अहवाल उघडतो. तोपर्यंत तो दिसत नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही.

दोनच जागा निवडा

सगळीकडे खाती उघडून सगळीकडे एकच मजकूर फेकणं, यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. माझ्या मते छोट्या संकेतस्थळाने पहिल्या वर्षी दोनच जागा धराव्यात. एक चित्रांची, एक बोलण्याची.

चित्रांची जागा म्हणजे पिंटरेस्ट. पाककृती, साड्या, घरसजावट, सहली यांच्यासाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. फेसबुकवरची नोंद दोन दिवसांत खाली जाते. पिंटरेस्टवरचा पिन, म्हणजे लिंक जोडलेलं चित्र, कित्येक महिन्यांनीही कोणाच्या तरी शोधात वर येतो. बोलण्याची जागा म्हणजे रेडिट किंवा कोरा. रेडिटवर नागपूरचा, महाराष्ट्राचा, मराठीचा असे वेगवेगळे सबरेडिट, म्हणजे विषयवार गट, आहेत आणि भाषा इंग्रजी-हिंदी-मराठी अशी मिसळलेली असते. कोरा मराठीत आहे. तिथे नीट लिहिलेलं उत्तर पुढे बराच काळ वाचलं जातं. फ्लिपबोर्डवर आपलं मासिक काढता येतं, पण ती मेहनत इंग्रजी मजकूर भरपूर असलेल्यांनी करावी. शेअरचॅटवर मराठी माणसं भरपूर आहेत, मात्र तिथला वाचक तिथेच रमतो, लिंक दाबून बाहेर क्वचित पडतो.

पिंटरेस्टची कृती

फुकटचं बिझनेस खातं उघडा. सेटिंग्जमध्ये जाऊन संकेतस्थळ आपलं असल्याचं सिद्ध करा. त्यासाठी एक छोटी ओळ पानाच्या कोडमध्ये टाकावी लागते किंवा डोमेनच्या नोंदीत भरावी लागते. संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाला सांगितलं तर दहा मिनिटांचं काम आहे. यामुळे तुमच्या पानावरून कोणीही पिन केला तरी त्यावर तुमचं नाव येतं आणि आकडे तुम्हाला दिसतात.

मग बोर्ड, म्हणजे पिन जमवायचे विषयवार संग्रह, करा. ‘आमची उत्पादनं’ असा बोर्ड करू नका. ‘संत्र्याचे पदार्थ’, ‘फळं ओळखायची कशी’, ‘विदर्भाचं जेवण’ असे करा. त्यात फक्त स्वतःचे पिन न ठेवता इतरांचेही चांगले पिन जमवा. पिनचा फोटो उभा हवा, १००० बाय १५०० पिक्सेल. आडवा फोटो मोबाइलवर चिंधीएवढा दिसतो. फोटोवर चार-पाच शब्द मोठ्या अक्षरांत: ‘किन्नो की नागपुरी?’ एवढं बास. खाली वर्णनात माणूस ज्या शब्दांनी शोधेल ते शब्द साध्या वाक्यांत यायला हवेत. उदाहरणार्थ:

‘नागपुरी संत्रा आणि किन्नो यांत फरक कसा ओळखावा? साल, देठ, फोडी, बिया आणि रंग यांच्या पाच खुणा, काटोलच्या बागेतल्या फोटोंसह.’

हेच वर्णन इंग्रजीत लिहून दुसऱ्या फोटोचा दुसरा पिन करा. एका पानाचे तीन-चार वेगवेगळे पिन चालतात, मात्र एकाच दिवशी ओतू नका. आठवड्याला एक पुरे. कोणता फोटो चालतो, हे महिन्याभरात कळायला लागतं, आणि बऱ्याचदा आपल्याला आवडलेला तो नसतो.

हंगामाचा हिशेब इथे फार महत्त्वाचा. पिंटरेस्टवर माणसं पुढच्या सणाची, पुढच्या ऋतूची तयारी करतात, म्हणून पिन दीड-दोन महिने आधी चढला पाहिजे. आंबियाच्या फळासाठी ऑगस्टच्या शेवटी, मृगाच्या फळासाठी डिसेंबरात. किन्नोचं पान नोव्हेंबरात पुन्हा पुढे आणा. नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीवर किंवा तान्ह्या पोळ्यावर तुमचं पान असेल तर पंचांग पाहून उलटं मोजा. पोळा श्रावण अमावास्येला आणि मारबत दुसऱ्या दिवशी, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते, आणि अधिक महिना आला की चांगलीच सरकते. १४ ऑक्टोबर आणि विजयादशमी या दिवसांच्या आसपास दीक्षाभूमीला देशभरातून माणसं येतात. त्यांना उपयोगी पडेल असं पान, म्हणजे स्टेशनवरून कसं यायचं, मेट्रोचं जवळचं स्थानक कोणतं, जेवणाची सोय कुठे, हे सप्टेंबरच्या सुरुवातीलाच तयार हवं.

रेडिटची कृती, जरा हळू

रेडिट ही चावडी आहे. नवखा माणूस आल्या आल्या आपल्या मालाची हाक घालू लागला तर त्याला उठवतात, आणि ते योग्यच आहे. खातं उघडल्यावर पहिले काही आठवडे लिंक टाकायचीच नाही. नागपूरच्या सबरेडिटवर कोणी विचारतं की बाहेरगावच्या मित्रासाठी काय न्यावं, कोणी विचारतं की चांगली संत्री कुठे मिळतील. अशा प्रश्नांना मनापासून, सविस्तर उत्तर द्या. प्रत्येक सबरेडिटचे नियम बाजूच्या रकान्यात लिहिलेले असतात. स्वतःच्या संकेतस्थळाची लिंक चालते का, कोणत्या दिवशी चालते, हे तिथे वाचा. शंका असेल तर मॉडरेटरला आधी निरोप पाठवून विचारा.

मग नोंद अशी लिहा की लिंक न दाबताही वाचणाऱ्याला काहीतरी मिळेल. मथळा: ‘बाजारात नागपुरी म्हणून किन्नो देतात, ओळखायचं कसं?’ खाली पाचही खुणा तिथेच लिहून टाका, एक फोटो लावा, आणि शेवटी: ‘ही आमचीच बाग आहे. आडवे कापलेले फोटो आणि बहाराचं वेळापत्रक संकेतस्थळावर आहे, हवं असल्यास पाहा.’ आमचीच बाग, हे शब्द वगळू नका. लपवलेला धंदा तिथे उघडा पडतो आणि एकदा तसं झालं की त्या नावाने पुन्हा काही टाकता येत नाही.

नोंद संध्याकाळी टाका, आणि पुढचे दोन तास मोबाइल हातात ठेवा. पहिल्या काही प्रतिक्रियांना लगेच उत्तर दिलं की चर्चा जिवंत राहते. कोणी म्हणेल की नागपुरी संत्रा आंबट निघाला. वाद घालू नका, कोणत्या महिन्यात घेतला ते विचारा, बहार समजावून सांगा. मित्रांना फोन करून ‘अपव्होट द्या रे’ असं सांगणं मात्र पूर्ण टाळा. ठरवून मतं गोळा करायला रेडिटच्या नियमांत मनाई आहे, खातं बंद होऊ शकतं. खोट्या नावाने दुसरं खातं उघडून स्वतःचं कौतुक करणं हे तर मला सरळ फसवणूक वाटतं.

कोरावर हेच थोडक्यात: प्रश्न शोधा, पूर्ण उत्तर लिहा, लिंक शेवटी एकदाच.

खूण लावा आणि मोजा

कोणत्या जागेवरून कोण आलं, हे कळण्यासाठी प्रत्येक लिंकला वेगळी शेपटी लावतात, तिला यूटीएम म्हणतात. गूगलचा कॅम्पेन यूआरएल बिल्डर फुकट आहे. त्यात स्रोत म्हणून पिंटरेस्ट की रेडिट, आणि मोहिमेचं नाव म्हणून ‘आंबिया’ की ‘मृग’, एवढं भरलं की लिंक तयार मिळते. रेडिटवर मात्र लांबलचक शेपटीची लिंक संशयास्पद दिसते. तिथे साधीच टाका, स्रोत अहवालात तसाही बऱ्यापैकी कळतो.

गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये नुसता येणाऱ्यांचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. गुंतलेली भेट म्हणजे काय, याची तिथे व्याख्या आहे: दहा सेकंदांहून जास्त थांबलेली, किंवा दोन पानं पाहिलेली, किंवा तुम्ही ठरवलेली महत्त्वाची कृती केलेली. चाळणाऱ्या जागांवरून येणारे बरेच जण दहा सेकंदांच्या आत निघून जातात. जे राहिले त्यांतले किती जण दुसऱ्या पानावर गेले, कितींनी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबलं, हे दोन आकडे वहीत महिन्याला एकदा लिहा. तीन महिन्यांनी ज्या जागेवरून कोणीच थांबत नाही ती सोडून द्या.

आलेल्याला आपल्याकडे ठेवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्टंबलअपॉन नावाची जागा एके काळी छोट्या संकेतस्थळांवर एका दिवसात प्रचंड गर्दी पाठवायची. ईबेने ती २००७ साली साडेसात कोटी डॉलरना विकत घेतली होती. ३० जून २०१८ रोजी ती बंद झाली. टिकटॉक भारतात जून २०२० मध्ये बंद झालं, कू जुलै २०२४ मध्ये. त्याउलट १९९६ पासूनचं मायबोली हे मराठी संकेतस्थळ अजून उभं आहे. कोणती जागा टिकेल, हे आपल्या हाती नाही. आलेल्या वाचकाचा पत्ता आपल्याकडे असणं हातात आहे.

म्हणून प्रत्येक पानाच्या शेवटी एकच विनंती ठेवा: ‘पुढचा बहार निघाला की कळवू का?’ खाली व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलची लिंक आणि ईमेलची चौकट. नंबर घेतला तर कशासाठी घेतला ते लिहा, आणि त्याच कामासाठी वापरा. रोज ‘सुप्रभात’ पाठवाल तर लोक निघून जातील. वर्षाला सात-आठ निरोप पुरेत: फुलोरा आला, गारपीट झाली, तोडणी सुरू, पेट्या संपल्या.

आणि पेट्या संपतात, हे आधीच धरून चाला. एखादी नोंद उचलली गेली आणि दोनशे मागण्या आल्या, पण बागेत साठ पेट्याच तयार असल्या, तर घाईघाईने कळमन्यातून माल उचलून पाठवायचा मोह होतो. तो माल चांगला असला तरी पानावर ‘आमच्या बागेतला’ असं लिहिलेलं आहे. मागणीच्या पानावर शिल्लक पेट्यांचा आकडा ठेवा आणि तो संपला की बटण बंद करा. उरलेल्यांची नावं पुढच्या बहारासाठी लिहून घ्या.

सुरुवातीचे दोन-तीन महिने फारसं काही हलत नाही, आणि बहुतेक संकेतस्थळं त्याच काळात सोडून दिली जातात. तेव्हा आंबियाचं फळ अजून झाडावर हिरवं आहे तोवर एक पान लिहून काढा, दोन्ही फळांचे फोटो कधी काढायचे ते ठरवून ठेवा, आणि पिंटरेस्टचं खातं या आठवड्यातच उघडा.